स्वस्तातलं मशीन आणि आत्यांचा खिळा

घरच्या कामासाठी स्वस्तातलं ड्रिल मशीन घ्यावं का, असं कुणी विचारलं की आमच्या बिल्डिंगमध्ये लोक अजूनही माझ्याकडे बोट दाखवतात. मग कुणीतरी नवा भाडेकरू किंवा कुणाचा तरी जावई दारात येऊन उभा राहतो. मी त्याला आधी विचारते, भोकं कशासाठी पाडायचीत? पडद्याच्या दांड्या, आरसा, मसाल्याचं फडताळ, असलं काही असेल तर घ्या खुशाल, कुठं जात नाही ते. आणखी कशासाठी असेल तर मला विचारू नका. बाई तिरसट आहे असं म्हणत तो जिना उतरतो. आहेच मी तिरसट.

लग्न झालं तेव्हा आम्ही घणसोली गावात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. मालकीणबाई तिथल्याच, जुन्या गावठाणातल्या. जीव लावायच्या, पण भिंतीच्या बाबतीत फार कडक. "भितीला खिला मारू नको गं पोरी," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पावसान पानी येतं आत." त्यामुळे आमचा सगळा संसार एका दोरीवर लटकलेला असायचा. टॉवेल, पिशव्या, कॅलेंडर, ह्यांची कामावरची विजार, सगळं त्याच दोरीवर. आमचे हे तळोज्याला एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. कामावरून आले की दोरीखालून वाकून आत यायचे आणि म्हणायचे, "स्वतःचं घर होऊ दे, भिंतीची चाळण करतो बघ."

घर झालं. नेरूळला, दुसऱ्या मजल्यावर, नव्वदीच्या अगदी सुरुवातीला. राहायला गेलो त्याच संध्याकाळी ह्यांनी हातोडी घेतली, खिळा धरला आणि पहिला घाव घातला. ठिणगी उडाली, खिळा वाकला आणि कॉटखाली जाऊन पडला. दुसरा, तिसरा, सगळ्यांची तीच गत. भिंती विटांच्या नव्हत्याच, ओतीव काँक्रीटच्या होत्या. सगळ्या बिल्डिंगमध्ये पहिले काही दिवस हेच चाललेलं. जो तो हातोडी घेऊन उभा आणि भिंत कुणालाच दाद देत नाही. मला तर हसूच आवरेना. इतकी वर्षं मालकीणबाई नको म्हणत होत्या, आता भिंतच नको म्हणत होती.

तेव्हा घरोघरी असली मशिनं नसायची. ड्रिल ही सुताराच्या किंवा इलेक्ट्रिशियनच्या हातात बघायची वस्तू. ह्यांनी वाशीच्या बाजारातून एक आणलं. दिल्लीचा माल. हिरव्या रंगाची पत्र्याची बॉडी, आखूड वायर, वर कुठलंही नाव नाही. नावाबद्दल विचारलं तर दुकानदार म्हणे, "नाम पे मत जाव भाऊ, आवाज बघा." आवाज मात्र होता. तळमजल्यावर कारखान्यातून रिटायर झालेले एक काका राहायचे, त्यांना ह्यांनी कौतुकानं दाखवलं. काकांनी मशीन हातात तोललं आणि परत दिलं.

"हलकं आहे," ते म्हणाले. "हलकं मशीन भिंतीला घाबरतं. थोडं थांबून चांगल्या कंपनीचं घ्यायचं ना."

"काका, मला काय पूल बांधायचाय? वर्षाला चार भोकं पाडायची. त्यासाठी भारीतलं आणून ठेवलं तर त्याची पूजाच करत बसावं लागेल."

पूजा तर केलीच. खंडेनवमीला पाटावर विळी, कात्री, ह्यांचा स्क्रू-ड्रायव्हर आणि मधोमध ते हिरवं मशीन. माझ्या सासूबाई तेव्हा साताऱ्याकडच्या गावाहून कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तसं मीही म्हणायचे. आत्यांनी जन्मभर कोयता आणि खुरप्याची पूजा केलेली. त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं खरं, पण पुटपुटल्याच, "ह्यानं काय पिकतंय म्हून ह्याची पूजा?"

काका बोलले त्यात खोटं काही नव्हतं. त्या मशीनची अर्धी शक्ती ओरडण्यातच जायची. भिंतीत बोटाच्या पेराएवढं गेलं की ते तापायचं, आतून काळपट जळका वास यायचा आणि मग ते बाजूला ठेवून थंड होऊ द्यावं लागायचं. एका भोकाला एक चहा, असं आमच्या घरी ठरूनच गेलं होतं. पुढचा भोक पाडणारा बिट इतका डुगडुगायचा की खूण एकीकडे असायची आणि भोक दुसरीकडे पडायचं. स्वयंपाकघरातलं फडताळ इतकं तिरकं लागलं की डबे आपोआप एका कोपऱ्यात जमायचे. मी चिडवायचे, आणि हे मान तिरकी करून फडताळाकडे बघत म्हणायचे, "आता सरळ दिसतंय." खरं सांगते, ते दिवस फार चांगले गेले.

पुढच्या वर्षी तळमजल्यावरच्या काकू गेल्या. तेराव्याच्या दिवशी काका स्वतः वर आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. दारातच उभे राहून म्हणाले, "तुझं ते हलकं मशीन घेऊन येतोस का खाली?"

हे मशीन घेऊन खाली गेले. दक्षिणेकडच्या भिंतीवर भोक पाडलं, लाकडाची गुट्टी ठोकली, तीत खिळा मारला आणि काकूंना वर चढवलं. मशीन थंड होईपर्यंत मध्ये थांबावं लागलं, तेवढ्यात काका बायकोबद्दल बोलत बसले. घरी आल्यावर हे बराच वेळ न्हाणीत होते. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर पाच मिनिटांत पाडून गेलं असतं. माझं मशीन थांबलं म्हणून काका बोलले तरी." तेव्हा मला ते बोलणं चांगलं वाटलं होतं.

त्यानंतर ते कामच ह्यांच्याकडे आलं. बिल्डिंगमध्ये काय, शेजारच्या बिल्डिंगमध्ये काय, कुणी गेलं की तेराव्याला माणूस फ्रेम घेऊन आमच्या दारात. तेराव्याच्या गडबडीत कुणी सुतार शोधत बसत नाही आणि भिंती तर सगळ्यांच्याच काँक्रीटच्या. मशीन चांगलं असतं तर ह्यांनी ते सरळ उसनं दिलं असतं आणि आपण घरी बसले असते. पण त्याचे नखरे एका ह्यांनाच माहीत. दुसऱ्याच्या हातात दिलं की कॉईल जळालीच म्हणून समजा. म्हणून हे म्हणायचे, "मशीन नाही देत, मीच येतो." असे ते एकेका घरात जाऊन आले. स्वस्तातल्या मशीननं माणसाला कुठं कुठं नेलं, हे दुकानदाराला सांगून पटलं नसतं.

आणि तो आवाज. ओतीव भिंतीत आवाज कसा पसरतो, हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. मशीन खालच्या मजल्यावर चालू असलं तरी आपल्याच डोक्यामागच्या भिंतीत चाललंय असं वाटतं. भरदुपारी तो आवाज सुरू झाला की जिन्यातली पोरं गप्प व्हायची. बायका दार अर्धवट उघडून एकमेकींकडे बघायच्या. कोण गेलं हे तेरा दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालेलं असायचंच, तरी बघायच्या. मध्ये आवाज थांबायचा. आता मशीन थंड होतंय, हे साऱ्या बिल्डिंगला कळायचं. मग पुन्हा सुरू व्हायचा.

घरातल्या कामाला ते मशीन लावणं हळूहळू बंदच झालं. माझी मुलगी झाली तेव्हा पाळण्यासाठी छताला हूक हवा होता. ह्यांनी स्टूल आणलं, मशीन काढलं. आत्या आडव्या आल्या.

"त्या मशीनचं भोक पाळण्याला नगं," त्या म्हणाल्या.

"अगं आई, मशीनला काय कळतंय?"

"त्येला न्हाई कळत. मला कळतंय."

पाळणा शेवटी कॉटच्या लोखंडी दांड्यांमध्ये बांधला. मला राग आला होता, पण ह्यांनी स्टूल उचललं तेव्हा जीव भांड्यात पडला, हेही खरं. तोवर मलाही त्या हिरव्या मशीनची भीती वाटायला लागली होती. ते कॉटखाली असायचं. झाडू मारताना त्याला झाडू लागला की मी नकळत हात जोडायचे.

आत्यांचं मात्र वेगळंच सुरू झालं होतं. त्या ह्यांच्याबरोबर फोटो लावायला जायला लागल्या. तेराव्याच्या घरी म्हातारं माणूस बरोबर आलं तर कोण काय म्हणणार? त्या कोपऱ्यात बसायच्या, फोटो वर चढताना बघायच्या आणि घरी येऊन माणसाचं वय सांगायच्या. म्हातारं माणूस असलं तर समाधानानं जेवायच्या. तरणं असलं तर ताटावरून उठायच्या. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे दीर, मिसरूड फुटायच्या वयात गावच्या विहिरीत बुडून गेला होता. त्याचा एकही फोटो नव्हता. आत्या त्याच्याबद्दल कधी बोलत नसत. ह्यांना कामावरून यायला उशीर झाला की उंबऱ्यात बसून राहायच्या, एवढंच.

एका रविवारी जेवणं झाल्यावर त्या ह्यांना म्हणाल्या, "लेका, तुजं मशीन काय लई दिवसांचं न्हाई. त्येचा आवाज बसलाय."

"हो, कार्बन झिजलेत. बदलतो."

"बदल नायतर न्हाई. त्ये बंद पडायच्या आदी माजं भोक पाडून ठेव."

हे हसायला लागले. आत्या हसल्या नाहीत. "फोटू काढून ठिवलाय म्या," त्या म्हणाल्या. स्टेशनजवळच्या स्टुडिओत शेजारणीबरोबर जाऊन, नवं लुगडं नेसून, गुपचूप फोटो काढून आल्या होत्या. फ्रेमसुद्धा करून ट्रंकेत ठेवलेली. "एक पोटचं माज्या डोळ्यादेखत गेलं. आता ह्या घरात म्होरला नंबर माजा. माजी जागा करून ठिवली की कुनी मधी घुसायचं न्हाई."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "अहो आत्या, हे काय भलतंच? जित्या माणसाचा खिळा भिंतीला मारून ठेवतात का कुठं?" माझा आवाज चढला होता. ह्यांच्याकडे वळून मी म्हणाले, "आणि तुम्ही हसता काय?"

पण आईनं कधी नव्हे ते काही मागितलं होतं. ह्यांनी मशीन काढलं. आत्या कॉटवर मांडी घालून बसल्या आणि मापं सांगायला लागल्या. "जरा खाली घे, पंख्याचा वारा लागंल. आनि हिकडं सरकव, मला सैपाकघर दिसलं पायजे. ही भाजीत तेल किती घालती बघायचंय." हे हसून हसून बेजार, मशीन हातात थरथरतंय. मुलगी टाळ्या वाजवत होती. अर्ध्यात मशीन तापलं आणि थांबलं. मी चहा केला नाही. मग माझ्याऐवजी आत्यांनीच केला. चहा झाला, मशीन थंड झालं, भोक पूर्ण झालं. फरशीवर पांढरट भुकटी सांडली होती, ती मी पुसली नाही. ती ह्यांनी पुसली.

तो खिळा तिथं राहिला. रिकामा. दुपारी खिडकीतून ऊन आलं की त्याची बारीक सावली भिंतीवरून सरकत सरकत दाराच्या चौकटीपर्यंत जायची. मी त्यावर कॅलेंडर लावलं. आत्यांनी काढून कॉटवर ठेवलं. मी पिशवी अडकवली, तीही काढली. "माजी जागा हाय ती," म्हणायच्या. मी पाहुण्यांना त्या भिंतीकडे पाठ करून बसवायचे. घरात चौघं होतो आणि तो खिळा आमच्यातल्या एकाकडे बघतोय, हे माझ्या डोक्यातून जाईना. आत्यांना खात्री होती की तो त्यांच्याकडे बघतोय. मला तशी खात्री नव्हती. ती भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही, कारण बोललं की खरं होतं असं मला तेव्हा वाटायचं. न बोलताही खरं झालंच.

हे सकाळी कंपनीच्या बसच्या स्टॉपवर उभे होते. उभ्या उभ्या खाली बसले. लोकांना वाटलं चक्कर आली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय चाळिशीच्या आतलं.

मला त्या तेरा दिवसांतलं फारसं आठवत नाही. आत्या रडल्या नाहीत, हे आठवतं. त्या ताठ बसून होत्या, खूप मोठी फसवणूक झालेल्या माणसासारख्या. तेराव्याला गावाहून चुलत दीर फ्रेम घेऊन आले. ह्यांच्या कामावरच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता, केस चापून बसवलेले, नजर जरा भेदरलेली. कुणीतरी हार आणला. चुलत दिरांनी भिंतीकडे पाहिलं, खिळा तयारच होता. त्यात त्यांचा काय दोष? ते फ्रेम घेऊन पुढं झाले.

आत्या उठल्या. त्यांचं गुडघेदुखीचं उठणं आम्हाला माहीत होतं, एक हात जमिनीवर, एक कॉटवर. त्या दिवशी कशा उठल्या कुणास ठाऊक. भिंतीला पाठ लावून खिळ्याखाली उभ्या राहिल्या.

"ह्यो खिळा माजा हाय."

"काकी, मग दुसरीकडं लावू," चुलत दीर म्हणाले. "मशीन कुठंय?"

"लावायचा न्हाई."

"अवो काकी, फोटो न लावून कसं चालंल? रीत हाय."

"रीत मला नगं सांगू. म्हातारी जित्ती बसलीया आनि पोराला भितीवर चढवता? आदी मी. मंग त्यो."

हार हातात धरलेला माणूस हार कुठं ठेवावा म्हणून बघत राहिला. शेवटी मी पुढं होऊन फ्रेम घेतली, ह्यांच्याच टॉवेलमध्ये गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. हार देवाला घातला.

माझा नवरा गेला होता आणि भिंतीवरसुद्धा मला त्याचं तोंड दिसणार नव्हतं. मी आत्यांचा राग राग केला. महिनोन् महिने त्यांच्याशी कामापुरतं बोलले. मी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली होती, तिथून आल्यावर कपाट उघडून टॉवेल सोडायचे, बघायचे, परत गुंडाळायचे. लोकांच्या घरी जायचे तर ह्यांनी लावलेले फोटो. काकांकडे काकू, वरच्या मजल्यावर एक आजोबा, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये एक तरणी सून. सगळे जागच्या जागी, हार घालून. साऱ्या वसाहतीच्या भिंतींवर माणसं चढवणारा माणूस माझ्या कपाटात साड्यांखाली होता.

बाहेरच्या माणसाला आत्या काय सांगायच्या, ते मला उशिरा कळलं. गॅसवाला नवा होता. त्यानं विचारलं, "साहेब आहेत का?" मी आतून ऐकलं. आत्या म्हणाल्या, "पाळीला गेलाय." अगदी साध्या आवाजात. पुढं एकदा कोणी नवीन भाडेकरू मशीन मागायला आला, तर म्हणाल्या, "मशीन हाय, पर मानूस कामावर हाय. आला की धाडते." तो बिचारा रविवारी पुन्हा आला. आत्या म्हणाल्या, "आज डबल पाळी लागली." आत्यांना भ्रम झालेला नव्हता. त्यांना सगळं कळत होतं. दरवर्षी ह्यांच्या तिथीला त्या कावळ्याला पान ठेवायच्या. पण ज्याचा फोटो भिंतीवर नाही तो मेला, हे त्या कुणाला म्हणू देत नव्हत्या. हळूहळू मलाही त्या उत्तराची सवय झाली. सवय म्हणण्यापेक्षा आधार म्हणते. संध्याकाळी कंपनीच्या बसेस सुटायच्या वेळेला मी उगाच दार उघडं ठेवायचे.

एका दुपारी, सुट्टी होती म्हणून मी घरी होते, भिंतीत मशीन सुरू झालं.

मी भाजी निवडत होते, आत्या कॉटवर पडलेल्या. तोच आवाज, माझ्या पाठीमागच्या भिंतीत, आधी चिरका आणि मग जाडसर. माझ्या हातातली गवार खाली पडली. आत्या उठून बसल्या. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. आवाज थांबला. कॉटखाली आमचं मशीन होतं, त्याची वायर बाहेर आलेली मला दिसत होती, कशालाही न जोडलेली. पुन्हा आवाज सुरू झाला. आत्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा ठेवला. कप मांडले तीन. मी त्यांना थांबवलं नाही. तिसऱ्या कपातला चहा बशी झाकून ओट्यावर राहिला, साय धरली, संध्याकाळी मी तो तुळशीत ओतला.

नंतर कळलं की वरच्या मजल्यावरच्या मुलानं स्वतःचं मशीन घेतलं होतं, तसंच, दिल्लीचं. तोवर असली मशिनं घरोघरी यायला लागली होती. वर्षभरात तर कोण कुठं भोक पाडतंय याला काही धरबंध उरला नाही. लोक त्या आवाजावरून भांडायला लागले. आम्ही दोघीच अशा होतो की आवाज आला की बोलणं थांबवायचो.

आत्या जगल्या. त्यांना जगायचं नव्हतं, तरी जगल्या. नशिबावरचा सगळा राग त्यांनी स्वतःवर काढला. गोळ्या घ्यायच्या नाहीत, थंडीत अंगावर घ्यायचं नाही. मी ओरडायचे. एकदा मी म्हणाले, "असं लवकर जायचंय का तुम्हाला?" तर म्हणाल्या, "लवकर कुटलं? उशीरच झालाय गं मला. पोरगं ताटकळलंय कपाटात." त्या दिवशी माझा सगळा राग गेला. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि तेव्हा कुठं त्याही रडल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या आजारात त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. माझी मुलगी तोवर मोठी झाली होती, ती उशाशी बसायची. आत्यांनी एकदा मला जवळ बोलावलं. "आदी माजा," म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी त्येचा. एकाच दिवशी नगं. लोक म्हनतील संगं गेली." मी हो म्हणाले. "मधी एक रात जाऊ दे," त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा हो म्हणाले.

तेराव्याला ट्रंकेतली फ्रेम काढली. नवं लुगडं, ताठ मान, ओठ घट्ट मिटलेले. चुलत दीर आले होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्यांनी आत्यांना त्यांच्या खिळ्यावर लावलं. आत्यांना तिथून स्वयंपाकघर बरोबर दिसत होतं.

मी एक रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी कॉटखालून मशीन काढलं. वरच्या मुलाकडे आता चांगल्या कंपनीचं मशीन होतं, तो म्हणाला, "काकू, मी येऊन दोन मिनिटांत पाडून देतो." मी नको म्हणाले. मला दोन मिनिटांत नको होतं.

मी आयुष्यात कधी ते हातात धरलं नव्हतं. बटण दाबलं आणि ते अंगावर आल्यासारखं ओरडलं. आत्यांच्या फ्रेमशेजारी खूण केली होती, बिट तिथून घसरला, गिलाव्यावर ओरखडा उठला. मी खांद्यानं रेटलं. भुकटी डोळ्यांत गेली. तो काळपट जळका वास आला, ह्यांच्या शर्टाला यायचा तोच. मशीन तापलं होतं. मी ते खाली ठेवलं, फरशीवर बसले आणि ते थंड होण्याची वाट बघत बसले. मुलगी म्हणाली, "आई, चहा करू?" मी म्हटलं, कर. आम्ही दोघी भिंतीला टेकून चहा प्यायलो. त्या थांबण्यात मी ह्यांच्याशी काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. मग उठून भोक पूर्ण केलं. वाकडंच पडलं. गुट्टी ठोकली, खिळा मारला, टॉवेल सोडला आणि ह्यांना त्यांच्या आईच्या शेजारी लावलं.

ते मशीन माझ्याकडे अजून आहे आणि चालतं. पैसे वसूल झाले का, असं विचाराल तर झाले म्हणेन. मला त्याचं थांबणं जास्त उपयोगी पडलं. चांगलं मशीन थांबलं नसतं.

पुढं काही महिन्यांनी शेजारच्या ब्लॉकमध्ये एक नवं जोडपं राहायला आलं. बाई साखर मागायला आली, कॉटवर बसली, गप्पा मारता मारता तिची नजर भिंतीवर गेली. म्हातारी बाई आणि तिच्याशेजारी तरणा माणूस, दोघांनाही हार. मग हळूच म्हणाली, "काकू, विचारू का? ह्यांतलं आधी कोण गेलं?"

"आधी आत्या गेल्या," मी म्हणाले. "मग हे."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "पोटच्या पोराचं बघायची वेळ तरी आली नाही त्यांच्यावर."

"नाही आली," मी म्हटलं, आणि तिची वाटी भरायला आत गेले.